घळीत न शिरल्याची गोष्ट

बारा महिने पाऊस पडणाऱ्या आमच्या सँट्रीत राहून पावसाला कोण भितो, सांगा! यंदा मी आणि माझी बायको नेहा अमेरिकेत, यूटाच्या वाळवंटात कॅम्पिंगला गेलो. दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत शिरणार, तेवढ्यात नेहाला लांब डोंगरावर काळा ढग दिसला.

"मी आत येत नाही."

"अगं, इथे लख्ख ऊन आहे!"

"तिकडे पडलेलं पाणी इथूनच जाणार."

ती सरळ वर तंबूपाशी गेली. मीही कुरकुरत मागोमाग गेलो. चहा उकळतोय तोच खालून घरघर ऐकू आली. घळीतून गढूळ लोंढा ओंडके घेऊन उसळत चालला होता.

"बोल आता, सांगितलं होतं म्हणून," मी म्हणालो.

"इथे नको. घरी गेल्यावर, सगळ्यांसमोर."

घरी परतल्यावर ती हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून यायच्या आत मीच सगळ्यांना सांगून टाकलं.