शुद्ध केलेला निबंध

वडील : पण नेमकं विचारलं काय त्यांनी?

लेक : सांगितलं ना, बरंच काही.

वडील : बरंच काही म्हणजे? एवढ्या मोठ्या विद्यापीठाची मुलाखत देऊन आलीस आणि आल्यापासून खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवलेली नाहीस.

लेक : पुलांबद्दल विचारलं. ते चांगलं गेलं. एका सरांनी आराखडा पुढे सरकवला, म्हणाले, यात चूक कुठे आहे? मी बघितल्या बघितल्या बोट ठेवलं. डावीकडचा खांब भार घेतच नव्हता.

वडील : बघ, मी म्हणत नव्हतो?

लेक : मग चष्मेवाल्या बाईंनी अर्जासोबतचा निबंध उघडला.

वडील : आपला निबंध.

लेक : तुमचा, बाबा.

वडील : असं काय बोलतेस? मी नुसते ऱ्हस्वदीर्घ बघितले.

लेक : त्यांनी मोठ्याने वाचला. 'वाचन हा माझा श्वास आहे. पुस्तकांच्या सहवासातच मी लहानाची मोठी झाले.' मला आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा अर्ज त्यांच्या हाती लागलाय.

वडील : पाठवण्याआधी तू एकदा नजर टाकली असशील, असं मी धरून चाललो होतो.

लेक : पाच पानं? शेवटच्या दिवशी? तुम्ही म्हणालात, सगळं तुझंच आहे, मी फक्त धुऊनपुसून ठेवलंय. मी पाठवून दिला. मला वाचायला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत होतं.

वडील : माहीत होतं.

लेक : मग बाईंनी विचारलं, अलीकडे काय वाचलंस? मी आराखड्याकडे बघत बसले. म्हणाल्या, बरं, लहानपणचं एखादं सांग.

वडील : आत्याने इतकी पुस्तकं वाचून दाखवली तुला. त्यातलं एखादं सांगायचंस.

लेक : ती ऐकलेली. बाई स्वतः वाचलेल्याबद्दल विचारत होत्या, त्या 'श्वासा'बद्दल.

वडील : मग काय म्हणालीस?

लेक : म्हटलं, मी खोटं लिहिलंय.

वडील : तू?

लेक : मी.

वडील : माझं नाव का नाही घेतलंस?

लेक : काय सांगू? माझे वडील मुद्रितशोधक आहेत, गेली तीस वर्षं लोकांच्या चुका काढतात, आणि घरातली चूक त्यांना बघवत नाही?

वडील : तुला चूक मी कधी म्हटलं?

लेक : म्हणाला नाहीत. खोडलंत. पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं होतं, मला डिस्लेक्सिया आहे. एक पान वाचायला अकरा मिनिटं लागतात, म्हणून मी पुलाखाली जाऊन उभी राहायचे आणि तो कसा उभा आहे ते बघून शिकायचे. तेच माझं होतं. बाकी कुणीही लिहिलं असतं.

वडील : भीती वाटली मला. शंभरात चार मुलं घेतात ते. म्हटलं, तो एक शब्द दिसला की अर्ज बाजूला पडेल.

लेक : एवढंच?

वडील : नाही. लाजही वाटली. खोटं कशाला बोलू? तू दुसरीत होतीस तेव्हा तुझ्या बाईंनी चिठ्ठी पाठवली होती, हिला तज्ज्ञांना दाखवा म्हणून. मी ती खिशात घातली. तुझ्या आईलाही दाखवली नाही. तुला रोज वीस ओळी लिहायला बसवायला लागलो.

लेक : चिठ्ठी होती?

वडील : होती.

लेक : मला पाचवीत कळलं. नव्या शाळेतल्या सरांनी सांगितलं तेव्हा. तुम्ही तिथे बसला होतात, आणि 'अरे बापरे' म्हणालात.

वडील : हो.

लेक : तीन वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत होते, बाबा. आई आत पोळ्या करायची आणि मी तिला ऐकू जाऊ नये म्हणून उशी तोंडावर धरायचे.

वडील : हे मला माहीत नव्हतं.

लेक : आता झालं माहीत.

वडील : मी काय करू, सांग. त्यांना फोन करू?

लेक : फोन नको. बाईंनी उद्या दुपारपर्यंत मूळ निबंध मागितलाय. वचन कसलंच देत नाही म्हणाल्या. पण माझ्या फाइलवरच तुम्ही सगळं बदलून टाकलंत. माझ्याकडे काहीच उरलेलं नाही.

वडील : छापील प्रत आहे. छापखान्यात, माझ्या कपाटात. आधी कागदावर तपासल्याशिवाय माझा हात चालत नाही.

लेक : लाल शाईने भरली असेल.

वडील : भरली आहे. पण खालचं मला वाचता येईल. मी बसतो टाइप करायला. जसंच्या तसं.

लेक : चुकांसकट.

वडील : एका वेलांटीला हात लावणार नाही. आणि सोबत माझं पत्र जोडतो. मी काय केलं, ते सगळं.

लेक : ते पत्र आधी मी वाचणार. मला कितीही वेळ लागला तरी.

(सव्वीस दिवसांनी. त्याच टेबलापाशी. लेकीच्या हातात विद्यापीठाचं पाकीट.)

वडील : दे इकडे, मी पटकन वाचतो.

लेक : मी वाचते.

वडील : बरं.

लेक : आणि असे माझ्या डोक्यावर उभे राहू नका.

वडील : बसलो.

लेक : या वर्षी नाही.

वडील : नीट बघ पुन्हा.

लेक : दोनदा बघितलं. पहिल्या अर्जावरच निर्णय घ्यावा लागला, असं लिहिलंय. नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. खाली बाईंनी हाताने काहीतरी लिहिलंय.

वडील : काय लिहिलंय?

लेक : थांबा. हाताचं अक्षर मला जड जातं.

वडील : थांबतो.

लेक : 'दुसरा निबंध मी घरी नेऊन परत वाचला. पुढच्या वर्षी हाच पाठव.'

वडील : माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं.

लेक : हो.

वडील : मी...

लेक : रडू नका, बाबा. माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही रडलात की मला तो गिळावा लागतो.

वडील : नको गिळूस. मी बसतो इथे.