दशरथचा काय भरवसा?

पोट दुखून रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन मृणालिनी गोरेगावच्या औषधांच्या दुकानात चिमणी छाप ग्राइपवॉटरसाठी रांगेत उभी होती. पुढे ते ग्राइपवॉटर बनवणाऱ्या कारखान्यातल्या दोघी बोलत होत्या.

"दशरथ साहेबांना तोंडावर म्हणाला, बाटल्यांत न उकळलेलं विहिरीचं पाणी भरता."

"जानके, कोण दशरथ? गोराईच्या खाडीत वाघ पोहताना बघितलेला?"

"तोच गं. रजेसाठी आजीला तीनदा मारली मेल्याने."

"मग थापच!"

"थापच. पण कामगारांना महिन्याला बाटली फुकट मिळते ना? ती घरी नेत नाही आता."

"दशरथ फुकटचं सोडतो?"

"हो. घरी पोरगी पोट धरून रडते, तरी."

"अगं बाई!"

दुकानदाराने दोघींच्या मागे उभ्या मृणालिनीकडे पाहिलं. "ताई, चिमणी छाप ना?"

"नको," मृणालिनी म्हणाली, "घरी ओवा आहे."