शेठच्या टबातली गाळणी

सरलाबाई : मग त्या दाण्यांनीच मेलं ना माझं कासव? तू फक्त हो म्हण, दीप्ती. पुढचं मी बघते.

दीप्ती : कुठले दाणे, मावशी?

सरलाबाई : आमच्या सूनबाईंनी, चंचलनं, मोबाइलमध्ये बघून मागवलेले. बाळंतपणाला अमळनेरला माहेरी गेली आणि जाता जाता हा डबा ठेवून गेली. परवा येतेय बाळाला घेऊन. माझ्या लेकासमोर, योगराजसमोर उभं करून विचारणारे मी तिला, की बाई, सासऱ्यानं हौसेनं आणलेली जोडी, त्यातला शेठ तुझ्यामुळे गेला की नाही?

दीप्ती : तुम्ही घातले ते दाणे त्याला?

सरलाबाई : घातले कुठे? वासानंच मळमळतं मला. मी आपली पोळी कुस्करून घालायची, भात घालायची. घरचं अन्न.

दीप्ती : मग न खाल्लेल्या दाण्यांनी कसा मरेल तो?

सरलाबाई : ते तू सांग, जनावरांची डॉक्टर तू. काल सकाळी मान बाहेर काढून बघत होता गं माझ्याकडे. संध्याकाळी गेले तर नुसता दगड. असं उभ्या उभ्या जातं का कोणी?

दीप्ती : उभ्या उभ्या नाही गेला. कासव दुखणं दाखवत नाही, मावशी. दुबळं दिसलं की दुसरं जनावर धरतं, म्हणून शेवटपर्यंत अंगावर काढतं. आपल्याला वाटतं अचानक गेलं. खाणं कमी झालं होतं का त्याचं?

सरलाबाई : झालं होतं. मला वाटलं, थंडी आहे. नाहीतर चंचलची आठवण काढत असेल.

दीप्ती : तुम्हीच म्हणालात, पोट उघडून बघ. बघितलं मी. हे आतड्यात अडकलं होतं.

(दीप्ती ताटलीवरचं फडकं बाजूला करते.)

सरलाबाई : अगं माय. हा तर धागा.

दीप्ती : लाल धागा. आणि हे चमकतंय ते?

सरलाबाई : टिकी. लग्नसराईच्या साड्यांची. घरी आणते ना मी, सुटे धागे कापायचे, निघालेल्या टिक्या चिकटवायच्या. पण मी टबापासून चांगली हातभर लांब बसते.

दीप्ती : आणि डोक्यावर पंखा.

सरलाबाई : सुरतेत पंख्याशिवाय कोण बसतं? आणि हे काय आजचं आहे का? योगराजचे वडील गेले, त्याच वर्षी चंचल लग्न होऊन आली, तेव्हापासून साड्या घरी आणतेय मी. टब त्यांनी ठेवला तिथंच आहे, उत्तरेच्या खिडकीखाली. इतके दिवस नाही मेला, मग आत्ताच बरा मेला?

दीप्ती : कारण इतके दिवस रोज सकाळी कुणीतरी टबातलं पाणी गाळत होतं.

सरलाबाई : कोण?

दीप्ती : घरात एक जुनी चहाची गाळणी होती का?

सरलाबाई : त्या गाळणीचं नाव नको काढूस. चंचल माहेरी गेल्यावर टबामागे सापडली मला. म्हटलं, काय उजेड पाडलाय बघा, घरातली वस्तू फेकायची रीत आहे का ही? घासूनपुसून परत चहाला घेतली.

दीप्ती : चहाला?

सरलाबाई : चांगली स्टीलची आहे.

दीप्ती : मावशी, कासवाच्या पाण्यात जंतू असतात. तुमचं आमचं पोट बिघडेल, पण बाळाला ते फार जड जाईल. ती गाळणी आजपासून स्वयंपाकघरात नाही. आणि कासवाला हात लावला की साबणानं धुवायचा.

सरलाबाई : ती धुवायची. दर वेळी. मी योगराजला म्हणायचे, बघ, तुझ्या बापाच्या कासवाची किळस येते हिला.

दीप्ती : दुपारी उन्हातही न्यायची ना दोघांना?

सरलाबाई : टोपलीत घालून अगाशीवर, वरच्या गच्चीत. मला वाटायचं, शेजारच्या पार्वतीशी वर गप्पा हाणायला बहाणा. म्हणजे, ऊन लागतं त्यांना?

दीप्ती : ऊन नाही मिळालं तर कवच मऊ पडतं. या शेठाणीच्या पाठीवर बोट ठेवा. हळू.

सरलाबाई : दबतंय गं. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यागत दबतंय. ही पण जाणार का?

दीप्ती : वेळेवर आणलीत, बहुतेक वाचेल. औषध देते. ऊन द्या, आणि तेच दाणे घाला. पोळीभात बंद.

सरलाबाई : तुला गाळणीचं कुणी सांगितलं?

दीप्ती : चंचलनं. लग्नानंतर लगेच आली होती इथे. विचारत होती, धागा पोटात गेला तर काय होतं. मी म्हटलं, टब हलव. तर म्हणाली, ती बाबांनी ठेवलेली जागा आहे, आईंना हलवायला नाही सांगवणार.

सरलाबाई : मग मला सांगायचं की, बसायची जागा बदला.

दीप्ती : मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, आईंना कळलं की त्यांच्या हातची टिकी कासवाच्या तोंडात जाते, तर त्या कामच सोडतील. बाबा गेल्यावर या कामानंच त्या उठून बसल्यात. राहू दे, रोज मी गाळीन.

सरलाबाई : असं म्हणाली?

दीप्ती : असंच.

सरलाबाई : आणि मी तिला आळशी म्हणत फिरले. पार्वतीला सांगितलं, तुझ्या आईला, केशरला सांगितलं. केशर म्हणालीसुद्धा, सरला, पोर गुणाची आहे, जरा नीट बघ. मला कुठलं दिसतंय? सोनं आलंय व माय माझ्या घरात. लाव तिला फोन. तूच लाव.

चंचल : (फोनवर) हां, आई?

सरलाबाई : काय करी ऱ्हायनी, बेटा? पोर झोपनी का?

चंचल : आत्ताच झोपली. आई, शेठ-शेठाणी कसे आहेत? मी यांना सांगून आले होते, सकाळी टबाचं पाणी गाळत जा म्हणून. गाळतात ना?

सरलाबाई : योगराज? तो रात्रपाळीहून येतो तो डोळे मिटूनच. शेठ गेला, चंचल.

चंचल : आई… माझंच चुकलं. यांच्या भरवशावर टाकायला नको होतं मी.

सरलाबाई : तुझं काही चुकलं नाही. माझ्या टिकीनं गेला तो. मी दीप्तीकडेच बसलेय, सगळं कळलं मला. शेठाणी वाचतेय.

चंचल : तुम्ही काम सोडू नका हां, आई. मी परवा येतेच आहे, आले की गाळत जाईन.

सरलाबाई : काम कशाला सोडू? टबच हलवते. अगाशीच्या दाराशी, ऊन येतं तिथं.

चंचल : पण ती बाबांची जागा…

सरलाबाई : त्यांना कासवं जगायला हवी होती, जागा नाही. ते असते तर कधीच हलवला असता टब. मीच धरून बसले.

चंचल : मग आता गाळायला नको?

सरलाबाई : गाळायचं तर. धागा काय, दारापर्यंतही उडतो. पण गाळीन मी. मला दिसत नाही नीट, तू नुसती बाळाला घेऊन शेजारी बस आणि सांग, आई, तिकडे एक टिकी राहिली.