पाटीवरचं नाव

डोळे तपासायला आलेली शिंपीणबाई दवाखान्यात बाकावर बसली होती. पाठीमागच्या बाकावर बहीणभावाची जुंपली होती. तिने मान वळवली नाही, पण कान काही मिटता येत नाहीत.

“ज्या ड्रायव्हरनं बाबांचा पाय मोडला, त्यालाच रक्त द्यायचं?”

“तो आत मरणाला टेकलाय, दादा. त्याचं कोणी आलेलं नाही, आणि आपल्या दोघांचा रक्तगट त्याच्याशी जुळतो.”

“पाळकांनी सकाळी चर्चमध्ये केली ना त्याच्यासाठी प्रार्थना? येशूच्या नावाने. झालं की!”

“आमेन कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणाले.”

“तूही म्हणालास. चांगलं मोठ्यांदा.”

“म्हणायचं असतं ते.”

“बरं, मला सांग. आपल्या सुतारकामाच्या दुकानावर बाबांच्या नावाची पाटी आहे. तिच्याखाली कधी किडकं लाकूड खपवलंस?”

“जीव गेला तरी नाही!”

“का? बाबा तर हल्ली दुकानात फिरकतही नाहीत.”

“अगं, नाव त्यांचं आहे! त्यांना जे चालणार नाही, ते मी कसं करू?”

“मग सकाळी ज्याचं नाव घेतलंस, त्याला हे चालेल?”

तेवढ्यात आतून नर्स आली.

“त्या ड्रायव्हरला रक्त कोण देतंय?”

“मी देते,” बहीण म्हणाली.

“तू बस गं. सुई दिसली की तुला भोवळ येते. सिस्टर, माझं घ्या.”

“तुम्ही त्याचे कोण?”

“मी त्याचा कोणी नाही,” बाही वर सारत भाऊ म्हणाला. “पण सकाळी ज्याचं नाव घेतलं, त्यानं मला पाठवलंय.”