दौलत लोहाराची मूठ

मंडळी, आज मी रागावून उभा आहे. हो, रागावून! मघाशी देवळाच्या पायरीवर दोन शहाणे चपला ठेवायच्या जागेवरून एकमेकांच्या अंगावर आले होते. चपला! ज्या बाहेर काढून आत यायचं — त्यांच्यावरून! दोघंही आत बसलेत. माना वळवू नका, ज्याची त्याला ओळख पटलेली आहे.

तर सांगा — जे जितकं आवळून धरावं, तितकं ते आपलं होतं का? मान, मुलगा, अंगातली कला? ऐका तर.

पाटणच्या खोऱ्यात महिपती लोहार होता. त्याच्या विळ्याला धार अशी, की गवत म्हणे आपणच वाकावं. त्याचा एकुलता एक मुलगा दौलत. मनगट बापाचं, पण कान कुणाचे देव जाणे! त्याला नाद लागला गिटारचा. हसलात? वीणेत देव आणि गिटारीत सैतान, असं कुणी लिहून दिलंय का तुम्हाला? अहो, तार ती तार!

पण महिपती तुमच्यासारखाच. पेटत्या भट्टीसमोर, चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला, "लोहाराच्या पोरानं फळकुटावर माशा मारायच्या होय?" दौलतनं त्याच दिवशी गिटार उचलली आणि गाव सोडलं. तीन वर्षं! तीन वर्षं त्यानं घराचा उंबरा पाहिला नाही. रोज सकाळी उठून दात घासायच्या आधी बापाचं ते वाक्य चघळायचा!

कराडला बाजीनानांच्या वाद्यवृंदात तो वाजवू लागला. तिथं एका गाण्यात मधे एकट्या गिटारचा तुकडा होता — सूर असे पळायचे, जशी जोंधळ्यावरून पाखरांची फौज उठावी. दौलतला तेवढी गती येईना. सातारचा एक नवा पोरगा तो तुकडा हसत हसत वाजवून गेला. बाजीनानांनी सरळ सांगितलं, की महिन्यानं जत्रा आहे, तोवर ज्याला जमेल तो वाजवेल. न जमला तर दौलतनं मागं बसून नुसती साथ धरावी.

झालं! पेटला गडी! गिटारच्या तारा छेडायला नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, त्याला पिक म्हणतात. तो त्यानं असा धरला, जसा चोराचा गळा धरावा. मूठ घट्ट, कोपर ताठ, खांदा कानाला टेकलेला. जितका राग, तितका जोर. जितका जोर, तितकी गती कमी! अन् जितकी गती कमी, तितका राग! दहाव्या दिवशी कोपरापासून बोटांपर्यंत हात लाकूड झाला. चहाची बशी हातातून सुटली. डॉक्टर म्हणाले, असाच वाजवत राहिलास तर हा हात पुन्हा वाजवायचा नाही.

कुठं जाणार? माणूस हरला की वाट घराकडेच वळते. पण गेला कसा? नमस्कार करायला नव्हे — भांडायला! तुमच्या हाडाचा हात दिलात, तो माझ्या कामाचा नाही, हे बापाच्या तोंडावर सांगायला!

महिपती ऐरणीशी उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग भट्टीतलं लाल लोखंड सांडशीनं, म्हणजे लोहाराच्या मोठ्या चिमट्यानं, धरून ऐरणीवर ठेवलं आणि हातोडा पुढे केला. "मार."

दौलतनं मारला. तीन वर्षांचा राग घालून मारला. चौथ्या घावाला हात कळवळला, हातोडा गळून पडला.

महिपतीनं तो उचलला. दोन बोटांत धरावा तसा, सैल. हातोडा पडला, ऐरणीवरून आपणच उसळला, पुन्हा पडला. ठण्... ठण्... ठण्... म्हाताऱ्याचा खांदा हललासुद्धा नाही!

"सांडस आवळायची, हातोडा सोडायचा," तो म्हणाला. "लोहाराच्या घरात जन्मलास आणि हातोडा सांडशीसारखा धरतोस?"

माझ्या आयाबायांनो, तुम्हाला हे नवीन आहे का? जात्यावर बसलेली बाई काय म्हणत होती?

हलका धर खुंटा बाई, जातं फिरे गरगर
आवळशील मूठ तर, फोड तळहातावर!

दौलतनं विचारलं, "हे मला तेव्हाच का नाही सांगितलं, आबा?"

महिपतीनं हातोडा खाली ठेवला. "कारण तेव्हा," तो म्हणाला, "मी तुला सांडशीत धरलं होतं."

मंडळी, एका बापाला हे वाक्य उच्चारायला तीन वर्षं लागली. तुम्हाला किती लागतील?

आठ दिवस हाताला पूर्ण विश्रांती. मग रोज सकाळी भट्टीशेजारी दौलत गिटार घेऊन बसे. महिपती लहान हातोडीनं ऐरणीवर ठोका देई — बैल पाणी पिऊन गोठ्याकडे निघावा इतका सावकाश. एका ठोक्याला एक सूर. पिकचं फक्त टोक तारेला लागायचं, मनगट इतकंच हलायचं, जितकं झोपलेल्या लेकराच्या अंगावरची माशी उडवताना हलतं. सुरात कुठं गाठ पडली नाही, तरच ठोका किंचित जलद. आणि म्हातारा बघत कुठं होता? बोटांकडे नव्हे, तोंडाकडे! "दात आवळलेस. थांब." पुन्हा पहिल्यापासून!

जत्रेच्या आदल्या दिवशी बाजीनानांसमोर दौलत आणि तो सातारचा पोरगा, दोघं उभे राहिले. पोरगा आधी वाजवून गेला, छान वाजवलं, आणि जाता जाता दौलतकडे बघून हसला. चढला की राग! खांदा निघाला वर... तेवढ्यात मागून आवाज आला. ठण्. दारात उभ्या म्हाताऱ्यानं लोखंडी खांबावर किल्ली ठोकली होती. ठण्. खांदा उतरला. दात सुटले. आणि मंडळी, जोंधळ्यावरची पाखरं उठली!

जत्रेत तो तुकडा कुणी वाजवला, हे मी सांगायला हवं का?

आता माझा राग ऐका. तुम्ही घरात सांडस घेऊन बसता! पोराला तिच्यात, सुनेला तिच्यात, भावाच्या वाटणीचा बांध तिच्यात — आणि वर देवाला विचारता, हात का दुखतो! विठोबा काय उत्तर देणार? त्याचे स्वतःचे हात कमरेवर, बोटं मोकळी!

ते चपलांवाले दोघे... हां, तुम्हीच. इतका वेळ मुठी वळून बसलात, इथून दिसतंय मला. आता नामाचा गजर होणार आहे. टाळी वाजवायची आहे. वळलेल्या मुठीनं वाजते का बघा! नाही ना वाजत?

मग उघडा. आधी तुम्ही दोघं — नंतर आम्ही सगळे.