कपाची सावली

फ्रेमवाल्याच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. थोरलीने आईचं चित्र काढलं होतं, धाकटी ते हातात धरून बघत होती.

"ताई, नाक इतकं वर आलंय, पुसायला रुमाल काढावासा वाटतो."

"एका बाजूला उजेड, दुसरीकडे सावली. तेवढं जमलं की नाक आपोआप वर येतं."

"पण हा अर्धा चेहरा इतका काळा का? डोळासुद्धा दिसत नाही."

"सावली नको? नाहीतर तोंड थाळीसारखं सपाट दिसतं."

"अगं, पण खिडकीचा उजेड याच बाजूला पडतो ना? अर्धांगाच्या झटक्याने वाकड्या झालेल्या बाजूला."

"चित्रात एवढं इकडचं तिकडे चालतं."

"मग आईच्या पुढ्यातल्या कपाची सावली उलटीकडे कशी पडलीय?"

"हळू बोल."

"सांग ना."

"कप आधी काढला होता. होता तशाच उजेडात."

"आणि मग?"

"मग आईचं तोंड काढायला घेतलं. तो लोंबलेला ओठ... प्रदर्शनाला माझ्या ओळखीचे सगळे येणार गं."

"म्हणून उजेडच फिरवलास?"

"हो."

"आईने बघितलं?"

"बघितलं. चित्रातल्या कपावर बराच वेळ बोट ठेवून होती."

"बाई गं."

"आज सकाळी तिच्याकडे गेले, तर खुर्ची उलटी फिरवून बसलेली. चांगली बाजू खिडकीकडे. म्हणाली, 'आता जुळतंय का बघ.'"