गोरखतात्यांची शपथ आज सुटते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कॉलेजचे प्राचार्य आदरणीय वसंतराव सर, व्यासपीठावर विराजमान झालेले सर्व मान्यवर, सत्कारमूर्ती, म्हणजे मुलींच्या फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक सुहासिनी मॅडम, समोर बसलेली वडीलधारी मंडळी, आया-बहिणी, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आजी-माजी खेळाडू पोरींनो, तुम्हा सगळ्यांना धनाजीचा नमस्कार.

मी आठवीत शाळा सोडली. सध्या अरुणाचलात डोंगर फोडायच्या कामावर पोकलेन चालवतो. भाषण हा काही माझा धंदा नव्हे. पण मॅडमना निरोप द्यायचा आणि आमच्या घरातलं कुणी बोलायचं नाही, हे बरं दिसलं असतं का?

आत्तापर्यंत तीन वक्ते मॅडमना मायाळू म्हणाले. माफ करा, ही मंडळी सरावाला कधी आली नसावीत. मैदान कुठं होतं तेव्हा? भात काढल्यावर खाचरात धसकटं राहतात, त्यात पोरी खेळायच्या. पडली की गुडघा सोललाच. मॅडम लांबून ओरडायच्या, "रक्त मध्यंतरात पूस! आधी चेंडू!" घाबरून मागं सरणाऱ्या पोरीच्या पोटरीवर शिट्टीची दोरी बसायची. माझी बहीण प्रेरणा गोलकीपर. तिच्या तोंडावर मॅडम जवळून चेंडू हाणायच्या. नाक फुटलं तरी हाणायच्या. "डोळे मिटू नकोस. मिटलेस तर उद्या कोणीही येऊन मारून जाईल." सर, हसू नका, तुमच्या ऑफिसची काचसुद्धा त्यांनीच लाथाडलेल्या चेंडूनं फुटलेली आहे.

असो. आता ज्यासाठी उठलो ते सांगतो.

आमचे चुलते गोरखतात्या. वडील गेल्यापासून घर त्यांच्या हुकमावर. त्यांनी हायवेकडच्या एका घराला प्रेरणा द्यायचा शब्द दिला. तिला विचारलं नाही. पाहुणे बघायला आले, चहा झाला, पोहे झाले, आणि पोरगी कुठं? खाचरात. पाहुणे उठून गेले. तात्यांनी गोठ्यातली काठी उचलली आणि सुटले. मी मागं पळालो, पण तात्यांचा राग ज्यांनी बघितलाय त्यांना ठाऊक आहे, त्याला धरायला चार गडी लागतात.

काठी प्रेरणाच्या डोक्यावर बसणार, तोच मॅडम मध्ये आल्या. खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. मॅडम गुडघ्यावर बसल्या, तोंडातली शिट्टी तशीच. शिट्टी वाजवली आणि म्हणाल्या, "सराव संपला. घरी जा पोरींनो."

चार दिवसांनी हात गळ्यात बांधून मॅडम आमच्या अंगणात हजर. "गोरखराव, पोलीस चौकीत चलता की खंडोबाच्या देवळात?"

तात्यांना वाटलं, सुटलो. "देवळात जाऊ की!"

आमच्याकडं भांडण मिटवायचं तर देवापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतात. ती मोडली तर माणूस गावात वर मान करून फिरत नाही. तात्यांनी भंडारा उचलला. "ह्या बाई कॉलेजात हायत तवर आमच्या घरातल्या पोरीच्या खेळाला म्या हात लावणार न्हाई."

"आणि कोणाला लावू देणार नाही," मॅडम म्हणाल्या.

घाईघाईत तात्या तेही बोलून गेले. "लावू देणार न्हाई. झालं? जाऊ आता?"

झालं कसलं? तिथंच तात्या अडकले.

पुढं भोरला मॅच होती. पोरींच्या घरच्यांनी यायचंच, हा मॅडमचा नियम. तात्या कडेला बिडी ओढत बसलेले. खेळ ऐन रंगात, आणि जीपमधून पाच जण उतरले. पुढं त्या हायवेकडच्या नवऱ्या मुलाचा मामा चिमाजी. तो थेट गोलात घुसला आणि प्रेरणाची वेणी मनगटाला गुंडाळून तिला ओढायला लागला. पोरगी मातीत फरफटत चाललेली.

तात्या उठले. "चिमाजी, सोड."

"तुमीच शब्द दिलाय की आमाला!"

"शब्द दिलाय. त्येच्यावर भंडारा न्हाई उचलला."

"आवं, पोरगी तुमची, शपत तुमची, मग आडवता कुणाला?"

"तुला!" म्हणत तात्यांनी कोपऱ्यावरच्या झेंड्याचा बांबू उपटला. पहिल्याच तडाख्यात चिमाजीचे पुढचे दात गेले. मग चौघं तात्यांवर पडले. दगड बसला, भुवईपासून कानापर्यंत कातडी फाटली, डोळ्यांत रक्त, तरी तात्या आंधळेपणानं बांबू फिरवत होते. मीही होतो, दोन ठोसे दिले, सहा खाल्ले. मॅडम वाकड्या खांद्यानं धावत आल्या आणि खिळ्यांच्या बुटानं चिमाजीच्या नडगीवर अशी लाथ घातली की वेणी सुटली.

जीप गेली. मॅच आम्ही हरलो, तीन गोल खाऊन. परतताना टेम्पोत तात्यांच्या डोक्याला टॉवेल बांधलेला, आणि मॅडम त्यांच्यावरच उखडल्या. "गोरखराव, बचावातल्या दोघी तुमची मारामारी बघत राहिल्या, म्हणून पहिला गोल झाला!"

"चुकलं बाई," तात्या म्हणाले. तो शब्द आमच्या घरात त्याआधी कुणी ऐकला नव्हता.

ती प्रेरणा सोमवारपासून मॅडमच्या जागी उभी राहतेय. टाळ्या जरा थांबवा, कारण खरी अडचण पुढं आहे. यंदा तात्यांची स्वतःची लेक शेफाली संघात आली. तिच्यासाठी पाहुणे विचारायला लागलेत. आणि शपथ होती मॅडम कॉलेजात असेपर्यंत. मॅडम आज चालल्या. म्हणजे शपथ आज सुटते.

घरात विचारलं तर तात्या "बघू" म्हणाले. पुन्हा विचारलं तर जेवणाचं ताट भिंतीवर गेलं. मी परवा निघणार, माझ्या मागं पोरीला कोण? म्हणून अध्यक्षांच्या परवानगीनं हितंच विचारतो. तात्या, शेफालीचं काय?

उठले. मंडळी, खुर्च्या मागं ओढू नका, बसा. माईक नको म्हणतायत.

मागं ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. तात्या म्हणतायत, "पोरीला म्या सोताच आणून सोडतो. पर तिला गोलात उबी करू नगा, तितं नुसतं खायचं. फुडं खेळवा, म्हंजे ती गोल घालंल."

मॅडम हसत नाहीत. मॅडम म्हणतायत, "कोणी कुठं खेळायचं ते आता प्रेरणा ठरवेल. खाली बसा, गोरखराव."

बघा, बसले.

मॅडम, तुमचा खांदा आमच्या घरानं वाकडा केला आणि तुम्ही आमचं घर सरळ केलंत, याहून जास्त मला बोलता येत नाही. माझ्यासारख्याला माईक दिलात, कॉलेजचे आणि आपणा सर्वांचे उपकार मानतो. बोलण्यात काही अधिक-उणं गेलं असेल, कुणाला लागलं असेल, तर घरचा पोरगा म्हणून पोटात घाला. तात्या बसलेत, तोवर मीही बसून घेतो.